सह्याद्रीची चार दिवसांची पायपीट : आधी हिशेब, मग वाट

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आपल्या अकरावीच्या काही मुलामुलींनी यंदा एक अर्ज केला आहे. रतनगड ते हरिश्चंद्रगड अशी चार दिवसांची डोंगरयात्रा त्यांना करायची आहे. अर्ज वाचून विद्यार्थी खूष झाले आणि पालक काळजीत पडले. अध्यक्ष महाशयांनी मला सांगितले, "सर, तुम्ही पुष्कळ वर्षे भूगोल शिकवलात, मुलांना घेऊन डोंगर हिंडलात. तेव्हा दोन्ही बाजूंची समजूत तुम्हीच काढा." समजूत काढणे मला जमेल की नाही ठाऊक नाही. परंतु अशा यात्रेची तयारी कशी करतात, हे मी सांगू शकतो. ही तयारी मी कशी शिकलो तेही सांगणार आहे, आणि त्यात माझा मोठेपणा मुळीच नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. वार्षिक परीक्षा संपली आणि एप्रिल महिन्यात मी चौदा मुलांना घेऊन सह्याद्रीतल्या एका गडावर निघालो. प्रत्येकाजवळ पाण्याची एकेक बाटली होती. गडावर बारमाही पाण्याचे टाके आहे असे मी एका पुस्तकात वाचले होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. अकराच्या सुमारास बाटल्या रिकाम्या झाल्या. बारा वाजता आम्ही टाक्यापाशी पोहोचलो. तळाशी हिरवट चिखल होता, त्यात एक पक्षी मरून पडला होता. उतरताना एका मुलाची पावले वेडीवाकडी पडू लागली. तो काहीतरी असंबद्ध बोलला आणि मटकन खाली बसला. अंग तापलेले होते.

गुरे राखणारे एक वृद्ध ठाकरबाबा आमचा आरडाओरडा ऐकून आले. त्यांनी मुलाला कड्याच्या सावलीत निजवले आणि माझ्या हातातली रिकामी कळशी घेऊन ते आडवे चालत गेले. पाऊण तासात कळशी भरून परत आले. तोंडात न ओतता आधी त्यांनी ते पाणी मुलाच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर शिंपडले. तो नीट शुद्धीवर आल्यावरच घोट घोट पाजले. मग मला म्हणाले, "मास्तर, टाक्याचं पाणी मागच्याच महिन्यात सरलं. गावात इचारलं अस्तं तं सांगितलं नस्तं का?"

मुलाला झोळीत घालून खाली आणले. दवाखान्यात सलाईन लागले. रात्री त्याचे वडील आले. मला वाटले होते ते संतापतील. ते संतापले नाहीत. मुलाच्या कपाळावर हात ठेवून त्यांनी मला विचारले, "मास्तर, मुलगा वाचला, अल्लाहचा शुक्र आहे. मला एवढेच सांगा, निघताना एका मुलामागे पाणी किती लिटर होते?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी हिशेब केलाच नव्हता. आज मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते त्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा.

जमीन कशी आहे?

प्रथम ज्या भूमीत जायचे ती ओळखली पाहिजे. सह्याद्री हा ज्वालामुखीचा प्रदेश आहे, हे तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. थरावर थर चढले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या खडकाने व्यापलेला आहे. पश्चिमेकडे काही ठिकाणी या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. वेरूळ, अजिंठा, दौलताबादचा किल्ला ही सारी याच खडकातली कामे. येथले ज्वालामुखी केव्हाच निवाले, त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु त्यांनी घडविलेल्या जमिनीचा स्वभाव मात्र चालणाऱ्याला पावलोपावली भोगावा लागतो.

या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. हा शब्द स्वीडिश भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ 'जिना' असा आहे. हरिश्चंद्रगडाकडे दुरून पाहा, जिनाच दिसेल. लाव्हाचा टणक थर असेल तेथे उभा कडा तयार होतो. ठिसूळ थर असेल तेथे उतार तयार होतो, त्यावर माती धरते आणि झाडी वाढते. त्यावर पुन्हा कडा, पुन्हा उतार, आणि माथ्यावर सपाटी. यातून चालणाऱ्याने दोन गोष्टी शिकायच्या.

पहिली गोष्ट वाटेची. उतारावर तुम्ही कोठूनही चालाल, पण कडा हवा तेथे ओलांडता येत नाही. तो फक्त खिंडीत, नाळेत किंवा जुन्या घाटवाटेनेच ओलांडता येतो. धुक्यात किंवा अंधारात ती खिंड चुकली, तर माणूस कड्याच्या टोकावर जाऊन उभा राहतो. खाली गावाचे दिवे दिसतात, कोंबड्याची बांग ऐकू येते आणि उतरायला वाट नसते. म्हणून नकाशावर किती किलोमीटर भरतात याच्या आधी, कोणती खिंड किती वाजता ओलांडायची हे ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट पाण्याची. या भागात पावसाळ्यात दीड-दोनशे इंच पाऊस पडतो. तरीही उन्हाळा आला की याच डोंगरातल्या आयाबहिणी हंडे घेऊन लांब लांब जातात. याचे कारण खडकात आहे. एकसंध काळ्या खडकात पाणी मुरत नाही, ते धो-धो वाहून कोकणात किंवा देशावर निघून जाते. भेगाळ थरात थोडे मुरते आणि झिरपत खाली येते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये पुष्कळ ठिकाणी लाल मातीचा एक पट्टा असतो. ही चिकट माती पाण्याला खाली जाऊ देत नाही. मग ते पाणी त्या पट्ट्याच्या कडेने बाहेर पाझरते. ठाकरबाबा आडवे चालत गेले ते याच लाल पट्ट्याच्या रोखाने. माझ्याजवळ भूगोलाची पदवी होती, आणि तो पट्टा मी वर्गात फळ्यावर काढूनही दाखवत होतो. पाणी मात्र त्यांनी आणले.

पाण्याचा हिशेब

आता हिशेब मांडू. थंडीच्या दिवसांत चढ-उतार करणाऱ्या माणसाला पिण्यासाठी दिवसाला निदान चार लिटर पाणी धरावे. स्वयंपाक व धुणेभांडी वेगळी. वीस जणांचा गट असेल तर नुसत्या पिण्याचे ऐंशी लिटर झाले, म्हणजे ऐंशी किलो वजन. चार दिवसांचे पाणी पाठीवर नेणे कोणालाच शक्य नाही. म्हणून प्रत्येकाने सकाळी तीन लिटर भरून निघायचे आणि दुपारपर्यंत पुन्हा भरण्याची जागा गाठायची. ती जागा नकाशावर निळ्या शाईने खूण करून ठेवायची. तेथे आज पाणी आहे का, हे त्याच आठवड्यात गावातल्या माणसाला फोन करून विचारायचे. पुस्तकावर, जुन्या लेखावर किंवा गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्रावर विसंबायचे नाही. खूण केलेल्या जागी पाणी नसेल तर काय करायचे, तेही आधीच लिहून ठेवायचे.

टाक्याचे किंवा ओढ्याचे पाणी गाळून उकळावे, अथवा क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबावे. मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटे बरोबर असावीत. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक मुलाला तोंडपाठ असावे. आज घरी गेल्यावर आपल्या अम्मीला ते सांगा, घरातल्या लहान भावंडांच्या जुलाबातही तेच उपयोगी पडते.

वेळेचा हिशेब

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम सांगितला. तो आपल्या मापात असा होतो : सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि त्याशिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. समजा दिवसाची वाट बारा किलोमीटरची असून चढ सहाशे मीटर आहे. नियमाने साधारण साडेतीन तास होतात. पण हा नियम सडसडीत, सरावलेल्या माणसाचा आहे. विद्यार्थ्यांचा गट, पाठीवर ओझे आणि सह्याद्रीतले घसरते मुरूम, या सर्वांसाठी मी दीडपट धरतो. म्हणजे सव्वापाच तास झाले. त्यात विश्रांती, जेवण आणि जोहरच्या नमाजसाठी दीड तास मिळवा. एकूण पावणेसात तास. डिसेंबरात सूर्य सात वाजता उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सातला निघाल तर पावणेदोनला पोहोचाल, हाताशी चार तास शिल्लक राहतील. अकराला निघाल तर पोहोचेपर्यंत सूर्य मावळायला टेकलेला असेल. मुलांनो, पहाटे लवकर उठा असे तुमचे सर सांगतात ते शिस्तीचा धाक म्हणून सांगत नाहीत, त्यामागे हे गणित आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे आता संगणकावरून उतरवून घेता येतात. त्यात दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर असे माप असते आणि दर वीस मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र समजावा. अगदी चिकटल्या की तेथे कडा आहे, वाट नाही. मोबाईलवरचा नकाशा जरूर वापरा, पण या डोंगरांत पुष्कळ ठिकाणी संपर्क मिळत नाही आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. कागदाचा नकाशा व होकायंत्र निदान दोघांजवळ हवेच.

चार दिवसांची आखणी

नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यात ओढे फुगतात, धुके असते, दगड शेवाळतो. मार्चनंतर ऊन आणि पाणीटंचाई असते, आणि मे महिन्यात विजांचा कडकडाट असतो. तारीख ठरवताना परीक्षा पाहा, रमजान पाहा, आणि शक्यतो शुक्ल पक्ष निवडा. चांदणे फुकट मिळणारा दिवा आहे.

हा बहुतेक भाग अकोले तालुक्यात, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात येतो. १९८६ साली येथे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाले. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. अभयारण्य असल्यामुळे वनखात्याचे नियम, प्रवेशशुल्क आणि मुक्कामाची परवानगी या गोष्टी निघण्यापूर्वी विचारून लेखी घ्याव्यात.

पहिला दिवस : रेल्वेने इगतपुरी, तेथून घोटीमार्गे भंडारदऱ्याजवळचे शेंडी गाव आणि पुढे धरणाच्या काठाने रतनवाडी. प्रवरा नदीवरचे हे धरण १९२६ साली पूर्ण झाले. रतनवाडीत अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर आहे. त्याच दिवशी वेळ असेल तरच रतनगड चढावा. वर लोखंडी शिड्या आहेत. तेथे एका वेळी एकच जण आणि पाठीवरचे ओझे घट्ट बांधलेले, हा नियम मोडू नये. माथ्यावर वाऱ्याने आणि पावसाने खडकाला आरपार पडलेले भोक आहे, त्याला नेढे म्हणतात. अंधार पडण्यापूर्वी रतनवाडीत परतावे. उशीर झाला असेल तर गड सोडून द्यावा आणि गावातच विसावा घ्यावा.

दुसरा दिवस हा यात्रेतला सर्वांत महत्त्वाचा दिवस. रतनवाडीतून दाट झाडीतून वाट निघते. पुढे दोन फाटे फुटतात, एक रतनगडाला आणि दुसरा कात्राबाईच्या खिंडीकडे. येथेच अनेकांची वाट चुकते, म्हणून गावातला वाटाड्या बरोबर घ्यावाच. खिंड ओलांडली की पलीकडे कुमशेत गाव. मधल्या भागात गाडीरस्ता नाही. कोणाला बरे नसेल तर खिंडीच्या अलीकडे असताना रतनवाडीला मागे फिरायचे आणि पलीकडे असताना कुमशेतला पुढे जायचे, हे आधीच ठरलेले असावे. मी आणखी एक वेळ ठरवून ठेवतो. दुपारी एक वाजेपर्यंत खिंड गाठली नाही, तर सर्वांनी परत रतनवाडीला यायचे. त्यावर वाद नाही, मतदान नाही.

तिसरा दिवस : कुमशेतहून मुळा नदीच्या खोऱ्यात उतरून, पलीकडे चढून, पेठेच्या वाडीमार्गे पाचनई. पाचनई हे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे गाव. हा दिवस तुलनेने सोपा आहे, म्हणून थकलेल्या पायांना येथे विश्रांती द्यावी, फोडांना मलमपट्टी करावी.

चौथा दिवस : पाचनईतून दोन-अडीच तासांत हरिश्चंद्रगडावर. तेथले हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, केदारेश्वराची पाण्यातली गुहा आणि पश्चिमेचा कोकणकडा या गोष्टी आयुष्यभर लक्षात राहतात. कोकणकडा नागाच्या फणीसारखा आत वळलेला आहे. त्याच्या काठावर उभे राहून फोटो काढायचा नाही. काठापासून चार हात अलीकडे पोटावर पालथे झोपून पाहायचे, आणि तेही शिक्षक समोर असताना. मग तोलार खिंडीने खिरेश्वरला उतरायचे. वाटेत खडकाचा एक टप्पा आहे, तो उजेडातच उतरला पाहिजे. म्हणून दुपारी बारानंतर गडावर रेंगाळायचे नाही. खिरेश्वरहून पुढे कल्याण-नगर रस्त्यावरचा खुबी फाटा गाठला की एस.टी. मिळते.

माणसे आणि रीतभात

वीस विद्यार्थ्यांमागे निदान तीन जबाबदार मोठी माणसे हवीत. सर्वांत पुढे वाटाड्या, सर्वांत मागे एक शिक्षक. मागच्या शिक्षकाच्या मागे कोणीही राहायचे नाही. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाचा असतो, म्हणून त्याला पुढे ठेवावे. दर तासाला मोजणी करावी.

काही मातांनी मला विचारले, "सर, मुलींचे काय?" मुलींनी अवश्य यावे, पण त्यासाठीही तजवीज हवी. निदान एक अनुभवी शिक्षिका बरोबर असावी. मुक्काम गावातल्या घरी ठरवावा, मुलींना स्वतंत्र खोली मिळेल आणि शौचालयाची सोय असेल, हे निघण्यापूर्वी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहून यावे. चालण्यासाठी सैल सलवार-कमीज आणि बूट पुरेसे आहेत. झाडीत अडकणारी ओढणी डोक्याला व्यवस्थित बांधून घ्यावी. याच गावांतल्या मुली डोक्यावर मोळी घेऊन हे चढ रोज चढतात. आपल्या मुलींचे पाय काही वेगळ्या मातीचे नाहीत.

येथली वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर लोकांची. त्यांच्या घरी पिठले-भाकरी, भात-आमटी मिळते. ते आधी सांगून ठेवले म्हणजे सामानही कमी होते आणि खाण्यापिण्याचे प्रश्नही उभे राहत नाहीत. ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत. गडावरची मंदिरे ही तेथल्या लोकांची श्रद्धास्थाने आहेत. तेथे जोडे घालून शिरू नये, कुंडातल्या पाण्यात साबण लावू नये, आरडाओरडा करू नये. प्लास्टिकचा एक कागदही मागे राहता कामा नये. आपण पाहुणे आहोत. पाहुण्याच्या वागण्यावरून त्याच्या घराची पारख होते.

ओझे आणि धोके

ओझे आपल्या वजनाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाहून जास्त नसावे. पकड असलेले, आधी महिनाभर वापरलेले बूट घालावेत. नवे बूट म्हणजे दुसऱ्याच दिवशी फोड. उंची हजार मीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, आणि त्यात वारा. म्हणून लोकरीची टोपी, स्वेटर व पांघरूण हवे. बॅटरी, शिट्टी, सुके खाणे, कपड्यांचा एक कोरडा जोड आणि नेहमीची औषधे हवीत. दमा, फिट, मधुमेह यांपैकी काही असेल तर पालकांनी लपवू नये. आजार सांगितल्याने मुलाचे नाव यादीतून कटते असे नाही, पण लपवल्याने जीव जाऊ शकतो.

आता मधमाश्या. कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात. धूर आणि उग्र वास त्यांना खपत नाही. म्हणून या चार दिवसांत अत्तर लावायचे नाही. ईदसाठी ठेवलेली कुपी घरीच राहू द्या. पोळ्याखाली विस्तव पेटवू नये, दगड मारू नये.

साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. चावलेला हातपाय हलू न देता माणसाला उचलून लवकर रुग्णालयात न्यावे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे हे निघण्यापूर्वी विचारून कागदावर लिहावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२ हे क्रमांक सर्वांजवळ असावेत. आणि उन्हाने कोणी बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर सावली, ओले कपडे, वारा या गोष्टी आधी कराव्यात. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. हे मला त्या ठाकरबाबांनी शिकवले.

घरी ठेवायचा कागद

पालकांनो, आता तुमचे काम. प्रत्येक यात्रेपूर्वी मी एक कागद तयार करतो. त्यावर रोजची वाट, मुक्कामाचे गाव, तेथल्या एका माणसाचा फोन, पाणी भरण्याच्या जागा, माणशी लिटर, मागे फिरण्याची वेळ, सुटकेची वाट आणि रुग्णालय हे सारे असते. शेवटी एक ओळ असते : अमुक दिवशी रात्री नऊपर्यंत निरोप आला नाही, तर कोणाला फोन करावा. या कागदाची एक प्रत शाळेत, एक प्रत प्रत्येक घरी, एक पोलीस ठाण्यात आणि एक माझ्या खिशात असते. शिक्षक तुमच्या सहीसाठी नुसते संमतिपत्र घेऊन आले, तर सही करू नका. आधी हा कागद मागा. एकेक रकाना बोट ठेवून विचारा. शिक्षकाला राग आला तर येऊ द्या. त्या शिक्षकाबरोबर मुलाला पाठवायचे की नाही, हे त्यावरूनच तुम्हाला कळेल.

विद्यार्थ्यांनो, तुमचेही काम आहे. हा कागद शिक्षकांनी एकट्याने भरायचा नाही. नकाशा तुम्ही वाचा, चढ तुम्ही मोजा, गावात फोन तुम्ही करा. निघण्यापूर्वी सहा आठवडे रोज तासभर चाला, रविवारी ओझे घेऊन जवळची टेकडी चढा. आणि तिसऱ्या दिवशी कोणी सांगितले की "मला आता होत नाही", तर त्याला हसू नका. ते सांगायला कड्यावर चढण्याहून अधिक हिंमत लागते. माझा तो विद्यार्थी त्या दिवशी एक तास आधीच थकला होता. बाकीचे हसतील म्हणून तो गप्प राहिला, हे त्याने मला दवाखान्यात सांगितले.

तुम्ही विचाराल, इतका खटाटोप करून जायचेच कशाला? माझ्या अनुभवाने सांगतो. जे मूल वर्गात तोंड उघडत नाही ते कात्राबाईच्या खिंडीत सर्वांना वाट दाखवू लागते. ज्याने घरी कधी पेला उचलून ठेवला नाही, तो दुसऱ्याची पिशवी आपल्या पाठीवर घेतो. मित्राला पाणी किती उरले आहे हे त्याला स्वतःच्या आधी आठवते. ही तालीम वर्गात देता येत नाही. पण ती देण्यासाठी मुलांचा जीव टांगणीला लावण्याचा अधिकार कोणालाच नाही, मलाही नव्हता.

त्या प्रसंगानंतर दोन वर्षे मी एकाही मुलाला डोंगरावर नेले नाही. तिसऱ्या वर्षी थंडीत पुन्हा जायचे ठरले तेव्हा हा कागद पहिल्यांदा तयार झाला. त्या मुलाचा धाकटा भाऊ तेव्हा आमच्या शाळेत होता आणि त्याचे नाव यादीत होते. मी स्वतः कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. वडिलांनी चष्मा लावला, सारा कागद सावकाश वाचला आणि पाण्याच्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, "या ठिकाणी पाणी आहे असे कोणी सांगितले?" मी म्हणालो, "परवा मी स्वतः जाऊन पाहून आलो." त्यांनी खिशातून पेन काढले आणि सही केली.

यंदाच्या यात्रेचा कागद बाहेर टेबलावर ठेवला आहे. पाण्याचा रकाना अजून कोरा आहे. पुढच्या रविवारी दोन विद्यार्थी आणि एक पालक माझ्याबरोबर रतनवाडी, कुमशेत व पाचनई या गावांना गाडीने जाऊन येणार आहेत. तो भरल्याशिवाय कोणीही सही करू नये, अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.